ज्ञानोपासक गोल्डझिहर : अरबी विद्येचा निष्ठावंत साधक

विद्येचे पूजन ज्या घरात होते, त्या घरात पुस्तकाला चुकून पाय लागला तर ते उचलून मस्तकी लावण्याचा प्रघात आहे. ते पुस्तक कोणत्या भाषेतले, कोणत्या पंथाचे, हे त्या क्षणी कोणी पाहत नाही. विद्या म्हटली की ती वंद्य, एवढाच भाव मनात असतो. परंतु असा भाव क्षणभर मनात येणे निराळे आणि त्यापायी सारे आयुष्य वेचणे निराळे. स्वतःचा धर्म प्राणपणाने जपून दुसऱ्या धर्माच्या शास्त्रांचे अध्ययन त्या धर्माच्या आचार्यांपुढे बसून करणारे आणि या दोन्ही निष्ठांचे मोल अखेरपर्यंत चुकविणारे एक थोर विद्वान एकोणिसाव्या शतकात हंगेरी देशात होऊन गेले. त्यांचे नाव इग्नाझ गोल्डझिहर. अरबी वाङ्मय आणि इस्लामचा इतिहास यांच्या आधुनिक अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला, त्यांत जगभरचे पंडित त्यांची गणना अग्रभागी करतात.

बालपणीचे संस्कार

इग्नाझ यांचा जन्म २२ जून १८५० रोजी हंगेरीतील सेकेशफेहेरवार या प्राचीन नगरीत एका ज्यू कुटुंबात झाला. वडील चामड्याचा व्यापार करीत. ज्यू हा जगातील अतिप्राचीन धर्मसमाजांपैकी एक. आपल्या कोकणातील बेने इस्रायल लोक याच धर्माचे. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवून ते विश्रांतीचा पवित्र दिवस पाळीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत, हे जुन्या पिढीतील पुष्कळांना ठाऊक असेल. हंगेरीतील ज्यू घरांतही मुलाच्या शिक्षणाचा श्रीगणेशा हिब्रू भाषेतील धर्मग्रंथानेच होई. इग्नाझ पाचव्या वर्षी मूळ हिब्रू बायबल वाचू लागले आणि आठव्या वर्षी तालमूद या गहन धर्मशास्त्रग्रंथाच्या अध्ययनास बसले.

वयाच्या अवघ्या बाराव्या वर्षी त्यांनी ज्यू प्रार्थनांच्या उगमाविषयी एक छोटी पुस्तिका लिहिली. ती १८६२ मध्ये छापूनही निघाली. आज म्हटली जाणारी प्रार्थना प्रारंभापासून अशीच नव्हती, पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओघात तिला हे रूप आले, असे त्या बालकाने दाखवून दिले. समाजातील कित्येक वडीलधाऱ्यांना हे रुचले नाही. पोर नास्तिक होणार, अशी कुजबूज झाली. प्रत्यक्षात मात्र प्रार्थनेचा इतिहास शोधणारा तो मुलगा प्रार्थना नित्यनेमाने म्हणतच राहिला. शोधक बुद्धी आणि श्रद्धा एकाच अंतःकरणात सुखाने नांदू शकतात, याचा हा पहिला दाखला होता. त्यांच्या पुढील आयुष्याचे सारे सूत्र या एका प्रसंगात सापडते.

पुढे वडिलांच्या व्यापारास उतरती कळा लागली आणि १८६५ मध्ये कुटुंब पेस्ट नगरात आले. बुडा, ओबुडा आणि पेस्ट ही नगरे १८७३ मध्ये एक होऊन आजचे बुडापेस्ट बनले.

गुरूंच्या शोधात

पौर्वात्य विद्येची ओढ हंगेरीस नवी नव्हती. याच देशातील चोमा द कोरोश हे ज्ञानवेडे प्रवासी पायपीट करीत हिंदुस्थानाच्या उत्तर सीमेपर्यंत आले, हिमालयातील मठांत राहून तिबेटी भाषा शिकले, १८३४ मध्ये कलकत्त्यास त्यांचा तिबेटी शब्दकोश प्रसिद्ध झाला आणि १८४२ मध्ये दार्जिलिंग येथेच त्यांनी देह ठेवला. पेस्ट विद्यापीठात त्या वेळी आर्मिन व्हाम्बेरी हे दुसरे विलक्षण गृहस्थ शिकवीत होते. एका पायाने अधू असूनही दरवेशाच्या वेषात १८६३ मध्ये बुखारा आणि समरकंद येथवर जाऊन आलेले हे साहसी पुरुष. शाळेत असतानाच इग्नाझ त्यांच्यापाशी तुर्की आणि फारसी शिकू लागले.

या मुलाचे तेज हंगेरीचे शिक्षणमंत्री बॅरन योझेफ ओत्वोश यांच्या दृष्टीस पडले. ओत्वोश हे उदार मनाचे राजकारणी आणि साहित्यिक. १८६७ मध्ये हंगेरीतील ज्यूंना कायद्याने समान नागरी हक्क मिळाले, त्यामागे त्यांचीच खटपट होती. त्यांनी इग्नाझ यांना सरकारी शिष्यवृत्ती देऊन १८६८ मध्ये जर्मनीस धाडले. विद्या पुरी करून येताच विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळेल, असे आश्वासनही दिले.

बर्लिनमध्ये काही काळ काढून इग्नाझ लाइपझिग येथे आले. तेथे त्यांना खरे गुरू लाभले. हाइनरिख लेबरेख्त फ्लायशर हे त्या काळचे युरोपातील अरबी भाषेचे महापंडित. स्वतः त्यांनी पॅरिसला सिल्व्हेस्त्र द सासी यांच्यापाशी विद्या घेतली होती. त्यांच्याकडे शिकण्यासाठी देशोदेशींचे विद्यार्थी येत. मोठमोठे सिद्धांत मांडण्याची या गुरूंना हौस नव्हती. पोथीतील ओळ घ्यावी, एकेका शब्दाचे रूप सोडवावे, अर्थ चोख लागेपर्यंत पुढे जाऊ नये, हीच त्यांची शिस्त.

अरबी शिकणाऱ्याला या शिस्तीवाचून गत्यंतरच नाही. या भाषेतील बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून घडतात. आपल्या मराठीत रुळलेले हुकूम, हाकीम आणि हुकमत हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूचे. मूळ व्यंजने तीच राहतात. स्वर पालटला, पुढे-मागे एखादे अक्षर जोडले, की आज्ञा, आज्ञा देणारा आणि त्याची सत्ता असे निरनिराळे अर्थ उभे राहतात. त्यात अडचण अशी की लिहिताना ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. जुन्या हस्तलिखितांत तर अक्षरांवरचे नुक्तेही पुष्कळदा गळलेले असतात. ज्याला व्याकरण मुखोद्गत नाही, त्याला वाक्याचा अर्थ तर दूरच, शब्दाचा उच्चारही ठरविता यावयाचा नाही. आधी व्याकरण, मग वाचन, मग अर्थ असा हा खडतर मार्ग इग्नाझ यांनी लाइपझिगमध्ये आक्रमिला. तेराव्या शतकात अरबी भाषेत धर्मग्रंथांवर भाष्ये लिहिणारे तनहुम येरुशाल्मी या ज्यू पंडितावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते डॉक्टर झाले.

तेथून ते हॉलंडमधील लायडन येथे गेले. सतराव्या शतकात लेव्हिनुस वार्नर नावाचे डच वकील इस्तंबूलमध्ये राहत. त्यांनी जन्मभर जमविलेली सुमारे एक हजार हस्तलिखिते मृत्युपत्राने लायडनच्या विद्यापीठास दिली होती. त्या भांडारात इग्नाझ यांनी १८७१ मधील कित्येक महिने पोथ्या उतरून घेण्यात घालविले. पुढे ज्या ग्रंथांनी त्यांना कीर्ती दिली, त्यांची कितीतरी सामग्री या टिपणांत साठत गेली.

हुकलेले पद

परंतु १८७१ च्या फेब्रुवारीत ओत्वोश यांचे निधन झाले. आश्वासन देणारा पुरुष गेला आणि त्याबरोबर आश्वासनही गेले. १८७२ मध्ये इग्नाझ यांना विद्यापीठात शिकविण्याची अनुज्ञा तेवढी मिळाली. ती बिनवेतनी होती. ज्या पदासाठी त्यांनी इतकी वर्षे तयारी केली ते पद दुसऱ्याच गृहस्थांकडे गेले. या अन्यायाची सल त्यांच्या मनातून कधीच गेली नाही.

मात्र या निराशेतच एक वरदान लपलेले होते. सरकारच्या साहाय्याने पूर्वेकडील देशांत जाऊन अरबी भाषेचा अभ्यास पुरा करण्याची संधी त्यांना मिळाली. आजवर ही भाषा त्यांनी कागदावर पाहिली होती, आता ती कानांनी ऐकावयाची होती.

पूर्वेचा प्रवास

१८७३ च्या सप्टेंबरात तेवीस वर्षांचा हा तरुण निघाला. इस्तंबूल आणि बैरूत करीत तो दमास्कस येथे पोहोचला. लाइपझिगमध्ये शिकलेली ग्रंथांची अरबी आणि बाजारातील बोली यांत मोठे अंतर असते. घरी-दारी बोलली जाणारी भाषा प्रांतोप्रांती निराळी. धर्मग्रंथांची आणि पंडितांची भाषा मात्र मोरोक्कोपासून इराकपर्यंत एक. परक्याला दोन्ही साधाव्या लागतात. दमास्कसच्या पुस्तक विक्रेत्यांच्या दुकानांत बसून, पंडितांच्या घरी रात्री जागवून त्यांनी दोन्ही साधल्या. काव्य, व्याकरण, धर्मशास्त्र यांवर तेथील विद्वानांशी त्यांच्याच भाषेत वाद करण्याइतका अधिकार या युरोपीय तरुणाने मिळविला, तेव्हा घरोघरची दारे त्यास आपसूक उघडली. हंगेरीच्या विज्ञान परिषदेच्या ग्रंथालयासाठी त्यांनी या प्रवासात अरबी ग्रंथही खरेदी केले आणि पूर्वेकडील मुद्रणकलेच्या स्थितीसह त्यांविषयीचा अहवाल १८७४ मध्ये सादर केला.

या प्रवासाची दैनंदिनी ते नित्य लिहीत. ती वाचताना एक गोष्ट लक्षात येते. त्या काळचे बहुतेक युरोपीय प्रवासी पूर्वेकडील लोकांकडे कुतूहलाने, पण वरून खाली पाहत. या तरुणाला मात्र ते आपले शिक्षक वाटत. ईजिप्तमध्ये परकीयांचा वाढता वरचष्मा पाहून तो संतापला आणि तेथील लोकांची बाजू उघडपणे घेऊ लागला. पुढे साऱ्या मुसलमान जगात ज्यांच्या नावाचा गाजावाजा झाला ते जमालुद्दीन अफगाणी त्या वेळी कैरोतच होते. त्यांच्याशीही इग्नाझ यांची ओळख झाली आणि विविध विषयांवर चर्चा रंगल्या.

अल-अझहरच्या खांबापाशी

इग्नाझ यांच्या मनात मात्र एकच ध्यास होता, अल-अझहरचा. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापन झालेली ही मशीद म्हणजे मुसलमान जगाचे सर्वांत मानाचे विद्यापीठ. येथील अध्ययनाची रीत आपल्याकडील जुन्या पाठशाळांची आठवण करून देणारी होती. बाके नाहीत, फळा नाही. प्रत्येक खांब म्हणजे एकेक वर्ग. शेख खांबाला टेकून बसत आणि विद्यार्थी त्यांच्या भोवती अर्धवर्तुळ करून जमिनीवर बसत. आधी मूळ ग्रंथ पाठ, त्यावर टीका, त्या टीकेवर पुन्हा टिप्पणी. आपल्याकडे सूत्र, भाष्य आणि वार्तिक म्हणतात तसाच हा क्रम. अध्ययन पुरे झाले म्हणजे शेख आपल्या शिष्यास पुढे तो ग्रंथ शिकविण्याची लेखी अनुज्ञा देत, आणि त्या अनुज्ञेत गुरूचे, त्यांच्या गुरूचे, त्यांच्याही गुरूचे नाव सांगून परंपरा मुळापर्यंत नेऊन भिडवीत.

अशा ठिकाणी परधर्मीय युरोपीयाला प्रवेश मिळणे ही अघटित गोष्ट होती. ईजिप्तचे शिक्षणमंत्री रियाध पाशा यांचा इग्नाझ यांच्यावर लोभ जडला होता. त्यांनी शिफारस केली. अल-अझहरचे प्रमुख शेख अल-अब्बासी यांनी या तरुणाला समोर बसवून पारखले. त्याची अरबी शुद्ध होती, शास्त्रांचे ज्ञान पक्के होते आणि ईश्वर एक आहे यावर त्याची निष्ठा होती. तो मुसलमान नाही हे ठाऊक असूनही त्याला अनुज्ञा मिळाली. अल-अझहरमध्ये रीतसर अध्ययन करणारे ते पहिलेच परधर्मीय युरोपीय समजले जातात. १८७४ च्या प्रारंभीचे ते महिने त्यांनी जमिनीवर मांडी घालून, मांडीवर पोथी घेऊन, इतर विद्यार्थ्यांच्या खांद्याला खांदा लावून काढले. लाइपझिगमध्ये ज्या वाक्यांची रूपे सोडविली होती, ती वाक्ये येथे माणसांच्या मुखी जिवंत होती. त्यांवर माणसे जगत होती. ग्रंथातील शब्द आणि त्या शब्दाने बांधले जाणारे जीवन यांतील नाते त्यांना येथे उमगले.

याच दिवसांतील एक प्रसंग त्यांनी आपल्या आत्मवृत्तात नमूद केला आहे. एका शुक्रवारी, मित्रांनी धोका सांगितला असतानाही, मुसलमानी वेष करून ते कैरोतील मशिदीत गेले आणि सहस्रावधी भाविकांच्या रांगेत उभे राहून त्यांनी भूमीवर मस्तक टेकले. तेवढ्या उत्कट भक्तीचा अनुभव आपल्याला आयुष्यात पुन्हा आला नाही, असे त्यांचे निवेदन आहे. यजमानांच्या नकळत त्यांच्या प्रार्थनेत असे शिरणे उचित होते काय, ही शंका वाचकाच्या मनात येईल, आणि ती अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु त्यांत कुचेष्टा नव्हती आणि हेरगिरीही नव्हती. शिवाय मशिदीतून बाहेर आलेले गोल्डझिहर पूर्वीइतकेच निष्ठावान ज्यू होते.

पित्याचे आजारपण आणि तीस वर्षांची चाकरी

वसंत ऋतूत घरून वडिलांच्या आजारपणाची वार्ता आली. अध्ययन अर्धवट टाकून ते तातडीने परतले. १८७४ च्या मे महिन्यात वडील निवर्तले. कुटुंबाचा भार अंगावर पडला आणि विद्यापीठातील अध्यापन अजूनही बिनवेतनीच होते. अखेर १८७६ च्या आरंभी त्यांनी पेस्ट येथील ज्यू समाजसंस्थेच्या चिटणीसाची नोकरी पत्करली.

चिटणीस म्हटले तरी काम कारकुनीचे. सभांची इतिवृत्ते, पत्रव्यवहार, शाळांचा कारभार, वर्गणी, दानधर्माचे हिशेब, तक्रारी. अल-अझहरच्या शेखांनी ज्यास विद्वान म्हणून मान दिला त्यास येथे संस्थेच्या धनिक चालकांपुढे उभे राहून सूचना ऐकून घ्याव्या लागत. सबंध दिवस या कामात जाई. विद्येसाठी उरे ती रात्र आणि वर्षातील थोडी सुट्टी. एक-दोन वर्षे नव्हे, तब्बल तीस वर्षे हा क्रम चालला.

हे सारे त्यांनी शांतचित्ताने सोसले असे लिहिणे सोपे आहे, पण ते खरे होणार नाही. १८९० मध्ये चाळिसाव्या वाढदिवशी त्यांनी आपले आत्मवृत्त लिहावयास घेतले. ते त्यांच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कडवटपणा जागोजाग आहे. सहकाऱ्यांविषयी, चालकांविषयी, आपल्या जुन्या गुरूंविषयीही कठोर उद्गार आहेत. मोठ्या माणसांच्या अंतःकरणातही जखमा असतात. मात्र या जखमांनी त्यांची लेखणी थांबविली नाही, हे विसरता येत नाही.

रात्रीच्या दिव्याची फळे

१८७६ मध्येच हिब्रू पुराणकथांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्यू आणि अरब ज्या सेमिटिक वंशात मोडतात त्यास पुराणकथा रचण्याची प्रतिभाच नाही, असे मत फ्रान्सचे नामांकित पंडित रेनां यांनी मांडले होते. कोणत्याही वंशाला प्रतिभेचे दार जन्मतः बंद नसते, असे या तरुण चिटणिसाने त्यांना उत्तर दिले. १८८४ मध्ये इस्लामी धर्मशास्त्रातील झाहिरी पंथावर ग्रंथ निघाला. १८८९ आणि १८९० मध्ये त्यांच्या इस्लामविषयक अध्ययनाचे दोन खंड प्रसिद्ध झाले आणि युरोपातील विद्वान थक्क झाले.

या दुसऱ्या खंडाचा विषय हदीस. पैगंबर महंमद यांची वचने आणि आचरण यांच्या परंपरागत वृत्तांतांना हदीस म्हणतात. प्रत्येक वृत्तांतापूर्वी तो कोणी कोणापासून ऐकला त्या नावांची साखळी दिलेली असते. गोल्डझिहर यांनी या विशाल संग्रहाची छाननी करून असा निष्कर्ष काढला की, यांतील पुष्कळ वृत्तांतांत पहिल्या दोन-तीन शतकांतील मतभेद आणि वाद यांचे प्रतिबिंब पडलेले आहे, म्हणून ते त्या पुढील काळाच्या इतिहासाची साधने म्हणूनही वाचले पाहिजेत. हा निष्कर्ष सर्वांना मान्य झाला नाही. मुसलमान विद्वानांनी त्यावर कडाडून टीका केली आणि विसाव्या शतकात कित्येक संशोधकांनी लेखनाची परंपरा त्यांच्या समजापेक्षा जुनी असल्याचे पुरावे पुढे आणले. हा वाद आजही सुरू आहे. परंतु ज्यांनी त्यांना खोडून काढले त्यांनाही आधी त्यांना वाचावे लागले, यातच त्यांच्या कार्याची थोरवी आहे. आणि हेही ध्यानी ठेवावे की, बाराव्या वर्षी स्वतःच्या धर्माच्या प्रार्थनांना त्यांनी जी कसोटी लावली, तीच येथे लावली. परक्यासाठी एक माप आणि आपल्यासाठी दुसरे, असे त्यांनी केले नाही.

हिंदुस्थानाच्या विचारधनाचा मागोवाही त्यांनी घेतला होता. राज्यवैभव सोडून विरक्त झालेल्या इब्राहीम बिन अदहम या सूफी साधूच्या कथेवर गौतम बुद्धाच्या चरित्राची छाया पडली असावी, असे त्यांनी दाखविले आणि इस्लामवरील बौद्ध प्रभावाविषयी १९०३ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला.

नाकारलेली निमंत्रणे

१८८९ मध्ये स्वीडन आणि नॉर्वेत भरलेल्या पौर्वात्य विद्यापरिषदेत राजे ऑस्कर यांनी त्यांना सुवर्णपदक देऊन गौरविले. जगाच्या विद्वत्सभेत असा सन्मान झाला तरी मायदेशी परतताच तीच नोकरी, तेच हिशेब. १८९४ मध्ये केंब्रिजचे अरबी भाषेचे प्राध्यापक रॉबर्टसन स्मिथ निधन पावले, तेव्हा त्या जागी येण्याचे निमंत्रण गोल्डझिहर यांना मिळाले. ते त्यांनी नाकारले. इतर विद्यापीठांच्या विनंत्या आल्या, त्याही नाकारल्या. पुढे १९०८ मध्ये कैरोत नवे विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे अध्वर्यू राजपुत्र फुआद यांनी त्यांना बोलाविले. ज्या नगरीत आयुष्यातील सर्वांत सुखाचे दिवस गेले, तेथूनच ही हाक आली होती. तीही त्यांनी स्वीकारली नाही. आपला देश, आपली माणसे, आपला समाज यांना सोडून जाणे त्यांच्या मनाला मानवले नाही.

आणखी एक मार्ग मोकळा होता, तो धर्मांतराचा. कायद्याने समानता आली होती, तरी विद्यापीठाच्या आसनापर्यंत पोहोचण्याची वाट धर्मांतराने सुकर होई. त्या वाटेने अनेक बुद्धिमान ज्यू गेले होते. इतरांची शास्त्रे तळमळीने शिकणारे गोल्डझिहर त्या वाटेकडे फिरकले नाहीत. परधर्माचे ज्ञान मिळविणे हे त्यांना कर्तव्य वाटे, लाभासाठी स्वधर्म सोडणे ही त्यांना लाजिरवाणी गोष्ट वाटे.

उशिरा लाभलेले आसन

अखेर १९०५ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, बुडापेस्ट विद्यापीठाने त्यांना सवेतन प्राध्यापकपद दिले. ओत्वोश यांनी दिलेले आश्वासन फळास यावयास सदतीस वर्षे लागली. कारकुनी सुटली आणि उरलेली सोळा वर्षे त्यांनी संपूर्णपणे विद्येस वाहिली. १९१० मध्ये इस्लामवरील त्यांची व्याख्याने ग्रंथरूपाने आली. १९२० मध्ये कुराणाच्या विविध भाष्यपरंपरांवरील अखेरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जगभरातून आलेल्या प्रत्येक पत्राला ते उत्तर देत. त्यांना आलेली तेरा हजारांहून अधिक पत्रे आज हंगेरीच्या विज्ञान परिषदेच्या ग्रंथालयात जतन केलेली आहेत.

संसारात मात्र दुःखांचे घाव बसत राहिले. थोरला मुलगा १९०० मध्ये ऐन तारुण्यात गेला. लेकीप्रमाणे लाडकी असलेली, त्यांच्या विद्येत रस घेणारी सून १९१८ मध्ये निवर्तली. त्यानंतर त्यांचे मन संसारातून उडाले. १३ नोव्हेंबर १९२१ रोजी बुडापेस्ट येथे त्यांनी इहलोकाची यात्रा संपविली.

त्यांच्या सुमारे सहा हजार ग्रंथांचे भांडार १९२४ मध्ये जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेण्यात आले. त्यांचा एक विद्यार्थी ज्यूला गेर्मानुश १९२९ मध्ये रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात इस्लामी विद्यांचे अध्यापन करण्यासाठी आला. लाइपझिगच्या फ्लायशर यांच्याकडून गोल्डझिहर यांना आणि त्यांच्याकडून पुढील पिढीस मिळालेला हा विद्येचा दिवा असा बंगालच्या आम्रवनापर्यंत येऊन पोहोचला.

गोल्डझिहर यांची मते कालांतराने बदलतील, काही बदललीही आहेत. विद्येचे तेच व्हावयाचे असते. परंतु दुसऱ्याच्या धर्माविषयी बोलण्यापूर्वी त्याची भाषा शिकावी, ती शिकण्यासाठी त्याच्या गुरूसमोर जमिनीवर बसावे, आणि तेथून उठताना आपल्या देवघरातील दिवा अधिकच निष्ठेने उजळावा, हा त्यांच्या चरित्राचा धडा कालबाह्य होणारा नाही. पुस्तक मस्तकी लावणाऱ्या घरांना तो सहज उमजेल. मस्तकी लावलेले पुस्तक उघडून वाचण्याचे कष्ट मात्र आपले आपणच घ्यावयाचे असतात.